वाचकांचे प्रश्न : शूटिंग दोन दिवसांत उरकलं, मग एडिटिंगला महिना कशाला?

व्हिडिओ करून घेणारे आणि करून देणारे, अशा दोन्हीकडच्या वाचकांची पत्रं या वेळी आली आहेत. एकाची तक्रार वाचली की दुसऱ्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच सापडतं, म्हणून सगळी एकत्र घेतली आहेत.

आमच्या बेदाणा शेडची ३ मिनिटांची फिल्म करायला दिली. शूटिंग दोन दिवसांत उरकलं. एडिटर मात्र २० ते २५ दिवस मागतोय. ३ मिनिटांना एवढे दिवस लागतात, की आमचं काम मागे ठेवलं जातंय? — एक बेदाणा उत्पादक, तासगाव

२० दिवस हा आकडा अवाजवी नाही. मात्र त्यातले एडिटरचे किती आणि तुमचे किती, हे आधी पाहा.

दोन दिवसांच्या शूटिंगमध्ये साधारण ४ तासांचं फुटेज जमतं. फोर-के रेकॉर्डिंग सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने झालं असेल तर तासाला ४५ जीबी, म्हणजे एकूण १८० जीबी. पहिलं काम या सगळ्याच्या प्रती काढण्याचं. दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या जागी. साध्या हार्ड डिस्कवर एका प्रतीला अर्धा तास लागतो, आणि प्रत मूळ फाइलशी जुळते का ते तपासायला जवळपास तेवढाच वेळ. ही तपासणी होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नसतं. घाईत कार्ड पुसलं आणि नंतर क्लिप उघडत नाही असं दिसलं, तर पुन्हा शूटिंगच करावं लागतं, आणि तोवर हंगाम संपलेला असतो.

मग प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइलच्या हलक्या प्रती. कॅमेऱ्याची फाइल दाबून बसवलेली असते, एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, दाखवायलाही संगणकाला मागच्यापुढच्या फ्रेम उलगडाव्या लागतात. प्रॉक्सीवर कट करायचा आणि शेवटी मूळ फाइल जोडायची, ही सरळ रीत. त्यानंतर ४ तासांचं फुटेज बघणं, निवडणं, मुलाखतीतली वाक्यं लिहून काढणं. यात दोन दिवस सहज जातात. निवेदन सावकाश असेल तर मिनिटाला ११० ते १२० शब्द बसतात, त्यामुळे तुमच्या ३ मिनिटांच्या फिल्मचा मजकूर ३०० शब्दांच्या आसपास हवा. ६०० शब्द लिहून दिलेत तर एडिटरला आधी तेच कापत बसावं लागेल.

चार दिवसांत रफ कट, म्हणजे दृश्यांची पहिली कच्ची जोडणी, येतो. तो तुम्ही बघायचा. मग फाइन कट, तोही बघायचा. तो मंजूर झाला की लॉक, म्हणजे यापुढे लांबी बदलायची नाही. लॉकनंतर रंगाला दोन दिवस, आवाजाला दोन, टायटल आणि नावांच्या पट्ट्यांना एक. शेवटी पूर्ण फिल्म एकदा थांबवत आणि एकदा सलग बघून एक्स्पोर्ट. एडिटरचे दिवस मोजले तर १२ ते १४ भरतात. उरलेले तुमच्या उत्तराची वाट बघण्यात जातात. रफ कट, फाइन कट आणि शेवटची तपासणी असं तीन वेळा बघायचं आणि दर वेळी तुम्ही तीन दिवस घेतलेत, तर ९ दिवस तुमच्याच खात्यावर पडले.

रफ कट बघताना एक गोष्ट फक्त तुम्हीच करू शकता. द्राक्षं द्रावणात बुडवायच्या आधीच जाळीवर पसरलेली दिसतात का, प्रतवारी झालेला माल नंतरच्या दृश्यात पुन्हा काड्यांसकट दिसतो का, हे एडिटरला कळणार नाही. क्रम चुकला असेल तर इथेच सांगा. रंग फिके वाटतील, आवाज वर-खाली असेल, निवेदन एडिटरच्याच आवाजात असेल, एखाद्या जागी काळ्या पडद्यावर ‘इथे शेडचा वरून घेतलेला शॉट’ असं लिहिलेलं असेल. त्यावर वेळ घालवू नका, ती कामं पुढची आहेत.

मी साताऱ्यात एडिटिंग करतो. एका पतसंस्थेची ८ मिनिटांची फिल्म चालू आहे. ग्रुपवर अध्यक्ष, सचिव आणि दोन संचालक आहेत. एक म्हणतो फास्ट करा, दुसरा म्हणतो संथ करा. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशा ११ फाइल झाल्या. करेक्शन संपतच नाहीत. काय करावं? — एक एडिटर, सातारा

तुमच्या पत्रातलं मुख्य दुखणं असं, की करेक्शन कुणाचं धरायचं हे ठरायच्या आधीच तुम्ही ती करायला बसता. मशीनवर बसण्याआधी चार गोष्टी कागदावर आणा.

पहिली, माणूस एकच. संचालक कितीही असोत, तुमच्याकडे करेक्शन येणार ते सचिवांकडूनच, एकाच यादीत. ‘फास्ट’ आणि ‘संथ’ हा वाद त्यांनी आपसात मिटवून पाठवायचा. ग्रुपवर येणाऱ्या सूचनांना नम्रपणे एवढंच उत्तर द्या : “साहेब, नोंद घेतली, सचिवांच्या यादीत येऊ द्या.” कुणाचा मान जात नाही आणि दोन उलट सूचना तुमच्या टाइमलाइनवर येऊन आदळत नाहीत. अंतिम होकार अध्यक्षांचा असेल, तर रफ कट त्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘अध्यक्षांना एकदम तयार झाल्यावर दाखवू’ या विचाराने पुढे गेलेलं काम हमखास उलटं फिरतं.

दुसरी, फेऱ्या. रफ कटवर एक, फाइन कटवर एक आणि शेवटी फक्त तपासणी. ठरलेल्या रकमेत एवढंच. तुमची चूक, म्हणजे उडालेली फ्रेम, चुकीचा फोटो, आवाजातली खरखर, कितीही वेळा फुकट दुरुस्त करायची. त्यांची नवी मागणी, म्हणजे नव्या शाखेचं उद्घाटन घालायचं, निवेदनाचा मजकूर बदलायचा, हे वेगळं काम आणि त्याचा दर आधी सांगितलेला हवा. दोन्ही गोष्टींना आपल्याकडे ‘करेक्शन’ हा एकच शब्द आहे, भांडणाचं मूळ तिथे आहे. बिलावर दोन वेगळ्या ओळी करा. उत्तर किती दिवसांत यावं हेही लिहा. पाच दिवसांत आलं नाही तर वितरणाची तारीख तेवढीच पुढे जाईल, हे वाक्य आधीच लिहिलेलं असलं की नंतर कुणी कुणावर चिडत नाही.

तिसरी, फाइलचं नाव. ‘फायनल’ हा शब्द नावात घालूच नका. कामाचं नाव, आवृत्तीचा आकडा, तारीख, एवढंच. आकडा ०१ पासून आणि नेहमी दोन अंकी, नाहीतर १० नंबर २ च्या आधी जाऊन बसतो. तोच आकडा चित्राच्या कोपऱ्यात छापा, शेजारी टाइमकोड आणि ‘पाहणीसाठी’ असा पुसट शिक्का. मग कुणी जुनी फाइल बघून बोलत असेल तर स्क्रीनशॉटवरूनच कळतं.

टाइमकोड म्हणजे काय हे पार्टीला एकदा समजावून सांगा. ००:०३:१२:०८ याचा अर्थ ३ मिनिटं, १२ सेकंद, ८ वी फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शेवटचा आकडा ०० ते २४ फिरतो. त्यांनी मिनिट-सेकंद लिहिले तरी पुरे. ‘मध्ये जरा कंटाळवाणं होतंय’ यावर काहीच करता येत नाही. ‘३:१२ ते ३:२६, तोच काउंटर तीनदा दिसतो’ यावर दोन मिनिटांत काम होतं. कुठे आणि काय खटकलं एवढंच मागा, उपाय तुमच्यावर सोडायला सांगा. ‘संथ करा’ म्हणणाऱ्या संचालकांना बऱ्याचदा पट्टीवरचं नाव वाचून होण्याआधी जातंय एवढंच म्हणायचं असतं. पट्टी २ सेकंदांऐवजी ४ सेकंद ठेवली की त्यांचं समाधान होतं, आणि फास्ट म्हणणाऱ्यांचंही बिघडत नाही.

चौथी, लॉक. याचा अर्थ लेखी घ्या : यापुढे लांबी बदलणार नाही. ३:१० वरचा २ सेकंदांचा शॉट काढला की पुढचं सगळं ५० फ्रेम मागे सरकतं. संगीताचा ठोका कटवरून हलतो, निवेदन चुकीच्या चित्रावर येतं, सबटायटलच्या वेळा पुन्हा टाकाव्या लागतात, रंगाचं काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये झालं असेल तर ते नव्याने जुळवावं लागतं. पार्टीला वाटतं दोन सेकंद तर काढायचे आहेत! त्यांना हे टाइमलाइन समोर ठेवून दाखवा, तोंडी सांगून पटत नाही. आणि लॉकनंतर अगदीच अडलं तर शॉट काढू नका, बदला. ५० फ्रेमच्या जागी दुसऱ्या ५० फ्रेम. लांबी तीच राहिली तर आवाजाला धक्का लागत नाही.

पाठवण्याबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते आणि मग चेहरे धुरकट दिसतात अशी तक्रार येते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते, मर्यादा २ जीबी. बघण्यापुरती प्रत ७२० रेषांची, सेकंदाला ३ मेगाबिट ठेवली तर ८ मिनिटांना १८० एमबी होते, ती मोबाइलवर सहज उतरते. यूट्यूबची अनलिस्टेड लिंक देत असाल तर दोन धोके आहेत. चढवल्यावर लगेच बघितलं तर कमी दर्जाचं चित्र दिसतं, वरचा दर्जा तयार व्हायला वेळ लागतो. आणि त्याच लिंकवर नवी फाइल बदलता येत नाही, म्हणून जुनी लिंक लगेच प्रायव्हेट करा. गूगल ड्राइव्हमध्ये तीच लिंक ठेवून फाइलची नवी आवृत्ती चढवता येते, ते बरं पडतं. फ्रेम डॉट आयओसारख्या सेवेत नोंद थेट त्या फ्रेमवर चिकटते. २०२१ मध्ये अ‍ॅडोबीने ही सेवा घेतली आणि आता ती त्यांच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या आतूनही चालते.

तरीही आमचं मत असं, की रफ कट लिंकवर पाठवूच नये. संस्थेच्या सभागृहात चौघांना बसवा. पहिल्यांदा न थांबवता दाखवा, कुणाला बोलू देऊ नका. दुसऱ्यांदा थांबवत दाखवा आणि सचिवांना लिहायला सांगा. आठवडाभराचे मेसेज दीड तासात आटोपतात.

नावांची यादी मात्र टायटल करण्याआधी कागदावर सहीसकट घ्या. आद्याक्षरं, पद, ‘डॉ.’, ‘कै.’, ‘सौ.’, आणि कोण कुणाच्या आधी हा क्रम. शेवटच्या फेरीतली बरीच करेक्शन इथलीच असतात.

शाळेच्या फिल्ममध्ये मराठी अक्षरं मोडतात. मजकूर आम्ही बरोबर टाइप करून दिला होता. आमच्या गावाचं नावसुद्धा चुकीचं आलं. — एक मुख्याध्यापिका, कऱ्हाड

दोष बहुधा टाइपिंगचा नाही. देवनागरीत पहिली वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसावी लागते अक्षराआधी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने करायची असते. ते करत नसेल तर ‘शिक्षण’मधली वेलांटी श सोडून क्षच्या डोक्यावर गेल्यासारखी दिसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, ग्राफिक्स इथे जाऊन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडायला सांगा आणि टायटल नव्याने टाकायला लावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर नुसती चिन्हं दिसतात.

तुमच्या गावाची गंमत वेगळी आहे. साधा र, हलन्त आणि ह असं टाइप केलं की ‘कर्हाड’ होतं, रफार हच्या डोक्यावर चढतो. ‘कऱ्हाड’ हवं असेल तर नुक्ता असलेला ऱ वापरावा लागतो. ‘साताऱ्याचा’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या सगळ्यांना हाच नियम. एडिटरला मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि सोबत त्याचा पीडीएफही द्या. तो पीडीएफ शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघितलं की चूक सापडते.

सबटायटल नोटपॅडमध्ये करत असाल तर फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतील. वेळेच्या ओळीत इंग्रजी आकडेच हवेत. तिथे मराठी आकडे टाकले तर प्लेअरला ते वाचता येत नाहीत. दोन ओळींत अंतर थोडं जास्त ठेवा, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत अडकतात.

भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाहेरगावची माणसं तंबोऱ्याची चौकशी करतात, म्हणून छोटी फिल्म करून घेतली. पण तंबोऱ्याचा आवाज मेल्यासारखा येतो. एडिटर म्हणतो, रेकॉर्डिंग साफ केलंय. — एक वाद्यकारागीर, मिरज

साफ करताना जवारीच, म्हणजे तारेची घुमणारी झणकारच, गेली आहे. आवाजातला खर काढणारं सॉफ्टवेअर सतत एकसारखा चालणारा आवाज शोधतं आणि तो कमी करतं. पंखा, फ्रीज, विजेची ५० हर्ट्झची गुणगुण यांना ते बरोबर लागू पडतं. पण तंबोराही सतत, एकसारखा चालतो. सॉफ्टवेअरच्या लेखी तुमची जवारी आणि पंख्याची घरघर एकाच जातीची.

त्यातून दुसरं नुकसान होतं. काळी एक या पट्टीच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. मोबाइलचा छोटा स्पीकर एवढा खालचा स्वर वाजवूच शकत नाही. तरी मोबाइलवर तंबोरा ऐकू येतो, तो त्या तारेतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांमुळे, आणि ते स्वर जवारी फुलवते. तेच पुसले तर मोबाइलवर उरणार काय?

एडिटरला असं सांगा. वाद्य वाजतं त्या भागावरून खर काढणारा फिल्टर पूर्ण काढून टाक. बोलण्याच्या भागावर तो हलका ठेव, आणि त्यासाठी खोलीतल्या नुसत्या शांततेचा नमुना घे. पुढच्या रेकॉर्डिंगला वाद्य न वाजवता ३० सेकंद खोलीचा आवाज घेऊन ठेवा. गुणगुण असेल तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अगदी अरुंद काप पुरतो.

पार्श्वसंगीत तपासलंत का? तंबोऱ्याचा षड्ज एक आणि मागच्या संगीताचा दुसरा असेल तर जाणकाराला ते दोन सेकंदांत टोचतं. संगीताचा सूर अर्ध्या-अर्ध्या पट्टीने वर-खाली करता येतो. तुम्ही शेजारी बसून तो जुळवून द्या, हे काम एडिटरपेक्षा तुमच्या कानांना जास्त जमेल. बोलणं चालू असताना संगीत १५ ते २० डेसिबल खाली हवं. यूट्यूबसाठी एकूण पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास आणि टोक उणे १ डेसिबलच्या वर नको. त्याहून मोठा आवाज यूट्यूब स्वतः कमी करतं, पण बारीक आवाज वाढवून देत नाही.

तासाभराचं भाषण मोबाइलवर घेतलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटी जुळत नाहीत. — एक वाचक, विटा

फरक हळूहळू, सारख्या गतीने वाढतो की मधूनच उडी मारतो, ते बघा. सारखा वाढत असेल तर दोन यंत्रांच्या घड्याळांतला फरक. लाखात ५ एवढा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद, म्हणजे ४ ते ५ फ्रेम होतात. आवाजाची लांबी तेवढी ताणली की जुळतं. उड्या मारत असेल तर मोबाइलने उजेडाप्रमाणे फ्रेमची गती बदलली आहे. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ करून घ्या आणि मगच टाइमलाइनवर टाका. पुढच्या वेळी सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवा.

कासच्या फुलांची फिल्म माझ्या मोबाइलवर सुंदर दिसते, मंगल कार्यालयाच्या एलईडी पडद्यावर तेरडा नुसता गुलाबी डाग दिसतो. — एक वाचक, मेढा

मोबाइलचा ‘व्हिव्हिड’ मोड रंग वाढवून दाखवतो, तुम्ही मंजुरी त्या वाढवलेल्या रंगांना दिलीत. रंग बघताना मोड ‘नॅचरल’ ठेवा, रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा. एलईडी पडदा उलट टोकाचा, उजेड इतका की गुलाबीतल्या छटा एकमेकींत मिसळतात. कार्यक्रमाआधी ऑपरेटरकडून ब्राइटनेस उतरवून घ्या आणि फिल्मचं एक मिनिट लावून बघा. १२ फुटी पडद्यावर दिव्यांतलं अंतर ३.९ मिलिमीटर असेल तर रुंदीत जेमतेम ९४० ठिपके बसतात. तिथे फोर-के फाइलचा काही उपयोग नाही, फुल एचडी पुरे, आणि बारीक शिरोरेषेची अक्षरं तर तुटणारच. जाड फाँट घ्या.

फिल्मचे पैसे पूर्ण दिले. आता कच्चं फुटेज मागितलं तर एडिटर नाही म्हणतो. कायदा काय सांगतो? — एक उद्योजक, सांगली

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून करून घेतलेल्या फिल्मचा पहिला हक्क करून घेणाऱ्याचा असतो, उलट करार झालेला नसेल तर. पण कच्चं फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल हातात द्यायची का, किती दिवस सांभाळायची, हार्ड डिस्क कुणाची, हे करारात लिहिलेलं नसेल तर वाद होतो. एडिटरची बाजूही बघा : प्रोजेक्ट फाइलमध्ये त्याने विकत घेतलेले फाँट, प्लगइन, संगीत असतं, आणि त्यांचा परवाना तुम्हाला आपोआप मिळत नाही. फुटेज मागा, रिकामी हार्ड डिस्क स्वतः नेऊन द्या, प्रतीच्या कामाचे पैसे ठरवा. संगीताच्या परवान्याची प्रत मात्र नक्की घ्या. यूट्यूबवर दावा आला तर तोच कागद पुढे करावा लागतो.